हिरवी टेस्ट आणि मुका पेनड्राइव्ह

रिलीजच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली तक्रार आली. पेनड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं, काळ्या पडद्यावर एक कर्सर लुकलुकतोय आणि पुढे काहीच नाही. दुपारपर्यंत अशा डझनभर तक्रारी जमल्या. त्याच वेळी तितकेच लोक सांगत होते की इन्स्टॉलेशन झकास झालं. आणि आमच्या टेस्टच्या पानावर तीन आठवडे एकही लाल खूण नव्हती.

आमची टीम लहान आहे. डेबियन या लिनक्स वितरणावर आधारित इन्स्टॉलर इमेज (पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर उतरवायची आयएसओ फाइल) आम्ही बनवतो: काही जास्तीची पॅकेजेस, काही ड्रायव्हर, थोड्या आमच्या सेटिंग्ज. रोज रात्री बिल्ड होतं आणि त्याच्यामागोमाग टेस्ट धावते. क्यूएमू या सॉफ्टवेअरमध्ये एक आभासी मशीन उभं राहतं, इन्स्टॉलर सुरू होतो, भाषा, डिस्कचं विभाजन, पासवर्ड वगैरे प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेल्या प्रीसीड फाइलमधून जातात, मशीन रीबूट होतं आणि सिरियल कन्सोलवर (स्क्रिप्टला वाचता येणाऱ्या मजकुराच्या वाटेवर) लॉगिनची ओळ उमटली की हिरवा टिक. स्क्रिप्ट मी लिहिली होती. त्यामुळे पुढे जे येईल त्यातला बराचसा दोष माझ्याच खात्यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला संशय अर्धवट डाउनलोडवर गेला. चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारे आकडे) मागवले, सगळे जुळले. मग हार्डवेअर. लोकांनी मशीनची मॉडेलं पाठवली; त्यात जुनी होती, नवी होती, बायोसवाली होती, यूईएफआयवाली होती (मशीन चालू होताच आधी धावणाऱ्या फर्मवेअरचे हे जुना आणि नवा असे दोन प्रकार). कसलीच संगती लागेना. दोन तास यात गेल्यावर आमच्यातल्या एकीने सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: आयएसओ पेनड्राइव्हवर कशानं लिहिलीत?

इथे चित्र फुटलं. ज्यांनी डीडी कमांडने किंवा एचरने लिहिली, त्यांच्याकडे मशीन मुकं. ज्यांनी रूफस वापरलं, त्यांच्याकडे चालू. व्हेंटॉयवाले खूश. आभासी मशीनमध्ये सीडी म्हणून लावणारेही खूश. एचर वापरणाऱ्या दोघांनी वर असंही सांगितलं की, या इमेजमध्ये पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत याची नोंद) दिसत नाही असा इशारा त्याने आधीच दिला होता, पण "तुमच्यावर विश्वास होता म्हणून पुढे गेलो." हे वाक्य त्या आठवड्यात मला फार टोचलं.

मग मी आयएसओचे सुरुवातीचे बाइट हेक्सडंपमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या साधनात, उघडून पाहिले. डेबियनच्या मूळ आयएसओमध्ये पहिल्याच ओळीपासून आकड्यांची दाटी असते आणि ५१२ बाइटांचा पहिला तुकडा ५५ एए या जोडीने संपतो. आमच्या इमेजमध्ये पहिली ओळ: शून्य, शून्य, शून्य. दुसऱ्या ओळीवर नुसती एक चांदणी. हेक्सडंप एकसारख्या ओळी पुन्हापुन्हा छापत नाही, त्यांच्या जागी एक चांदणी टाकतो. तिसरी ओळ थेट ३२,७६८ व्या बाइटवर, आणि तिथे "सीडी००१" ही अक्षरं. म्हणजे पहिले ३२ किलोबाइट पूर्ण कोरे.

आता हे ३२ किलोबाइट काय प्रकरण आहे ते नीट सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. सीडीवरच्या आयएसओ ९६६० या फाइलसिस्टमचे सेक्टर २०४८ बाइटांचे असतात आणि पहिले १६ सेक्टर ती स्वतः वापरतच नाही. ते "सिस्टम एरिया" म्हणून मोकळे सोडलेले असतात. फाइलसिस्टमची ओळख सोळाव्या सेक्टरपासून सुरू होते (मोजणी शून्यापासून), तीच ती "सीडी००१". सीडीवरून बूट व्हायचं तर सतराव्या सेक्टरवर एक नोंद असते आणि ती बूट कॅटलॉगकडे बोट दाखवते. १९९५ मध्ये आलेला एल टोरिटो नावाचा हा करार आहे. सीडी ड्राइव्ह दिसला की फर्मवेअर थेट तिथे जातं. पहिल्या १६ सेक्टरांत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पेनड्राइव्ह मात्र फर्मवेअरच्या नजरेत सीडी नसतो, डिस्क असतो. बायोस डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतं, शेवटी ५५ एए सापडलं तर त्यातला कोड चालवतं, नाहीतर पुढच्या उपकरणाकडे वळतं. यूईएफआय पार्टिशन टेबल शोधतं आणि त्यातून फॅट फाइलसिस्टमवाल्या पार्टिशनपर्यंत पोहोचतं. एकच आयएसओ दोन्ही वेशांत चालावी म्हणून त्या रिकाम्या ३२ किलोबाइटांत डिस्कचा बूट कोड आणि पार्टिशन टेबल बसवतात. सीडीला ते दिसत नाही, डिस्कला बाकीचं दिसत नाही. याला आयसोहायब्रिड म्हणतात, आणि ही युक्ती मला आजही फार देखणी वाटते.

आमच्या इमेजमधून नेमका तोच थर गळून पडला होता. डीडी आणि एचर बाइट जसेच्या तसे उतरवतात, म्हणून त्यांचा पेनड्राइव्ह कोरा दिसला. रूफस आयएसओमधल्या फाइली काढून स्वतःच्या फॅट पार्टिशनवर मांडतं आणि बूटची सोय स्वतः करतं. व्हेंटॉय आयएसओ फाइलला सीडीसारखं पुढे करतं. दोघांनीही नकळत आमचं भोक बुजवलं होतं. यूईएफआय मशीनवरचं वागणं फर्मवेअरनुसार बदलत होतं, त्यामुळे तक्रारींत आणखी गोंधळ.

थर गळला कसा, हे शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी बिल्डचा वेळ वाचवायला आम्ही पद्धत बदलली होती: अख्खी इमेज शून्यापासून न घडवता डेबियनची तयार आयएसओ उलगडायची, पॅकेजेस घालायची आणि आयएसओ बांधणाऱ्या झोरिसो या साधनाने पुन्हा बांधायची. बांधायच्या कमांडमध्ये एल टोरिटोचे पर्याय होते. एमबीआर, म्हणजे डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतला बूट कोड, बसवणारा पर्याय नव्हता, आणि यूईएफआयला लागणारी ईएफआयची इमेज पार्टिशन म्हणून नोंदवणाराही नव्हता. कमांड कुठल्या तरी जुन्या नोटमधून उचललेली. ती नोट सीडीच्या काळातली असावी.

यातली खंत अशी की योग्य कमांड आमच्या हातातच होती. डेबियनच्या आयएसओमध्ये डिस्क नावाची एक लपलेली डिरेक्टरी असते, तिच्यात एमकेआयएसओएफएस नावाच्या फाइलमध्ये ती इमेज ज्या कमांडने बांधली ती पूर्ण लिहून ठेवलेली असते. शिवाय झोरिसोला एल टोरिटोचा अहवाल मागितला तर तो चालू इमेज पाहून लागणारे सगळे पर्याय छापून देतो. आणि याहून सोपं म्हणजे उलगडून पुन्हा बांधण्याऐवजी झोरिसोलाच जुनी इमेज आत, नवी बाहेर असं देऊन बूटची मांडणी "रिप्ले" करायला सांगायचं. आम्ही शेवटचा मार्ग धरला. एक ओळ बदलली, त्याच संध्याकाळी दुरुस्त इमेज बाहेर पडली आणि तक्रारी थांबल्या.

इमेजचं काम इथे संपलं. टेस्टचं काम इथून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत, आयएसओ कशानं लिहिलीत हे सगळ्यांना विचारणाऱ्या त्या सहकारिणीनेच विचारलं, "अरे, तुझी टेस्ट पेनड्राइव्हला हात तरी लावते का?" मी म्हणालो, नाही, सीडी म्हणून लावते. मग स्क्रिप्ट मोठ्या पडद्यावर उघडली आणि माझं उत्तरही खोटं निघालं. टेस्ट सीडीवरूनही बूट होत नव्हती. स्क्रिप्ट आयएसओमधून कर्नल आणि इनिटआरडी (लिनक्स सुरू करणाऱ्या दोन फाइली) बाहेर काढत होती आणि क्यूएमूला ते दोन्ही थेट हातात देत होती. आयएसओ सीडी म्हणून जोडलेली होती खरी, पण फक्त पॅकेजेस वाचायला. फर्मवेअरचं आयएसओवरून बूट करणं, एल टोरिटो, आयएसओमधले आयसोलिनक्स आणि ग्रब हे बूटलोडर, यातलं काहीही त्या टेस्टमध्ये कधी चाललंच नव्हतं. ती टेस्ट इन्स्टॉलरची होती, इन्स्टॉलर इमेजची नव्हती.

असं का केलं होतं? कारण सोयीचं होतं. कर्नल थेट दिला की त्याच्यासोबत कमांडलाइनही देता येते: ऑटो मोड, प्रीसीडचा पत्ता, सिरियल कन्सोल. बूट मेनूतून गेलं तर तो मजकूर कोणीतरी कीबोर्डवर टाइप करायला हवा. बऱ्याच घरगुती टेस्ट स्क्रिप्ट याच सोयीपायी हीच वाट धरतात, आणि बूटलोडर ज्यांनी स्वतः बांधलेला नाही त्यांचं त्यावाचून फारसं अडत नाही. आमचं अडलं, कारण आम्ही आयएसओ पुन्हा बांधत होतो.

तेव्हा टाइप करायचं ठरलं. क्यूएमूच्या मॉनिटरला सेंडकी नावाची आज्ञा आहे. एका वेळी एक कळ दाबली जाते. आमच्या इमेजमध्ये बायोससाठी आयसोलिनक्स आणि यूईएफआयसाठी ग्रब. आयसोलिनक्समध्ये एस्केप दाबलं की बूटचा प्रॉम्प्ट येतो, तिथे "ऑटो यूआरएल" आणि प्रीसीडचा पत्ता. क्यूएमूच्या वापरकर्ता-नेटवर्कमध्ये यजमान मशीन १०.०.२.२ या पत्त्यावर दिसतं, म्हणून प्रीसीड तिथून. ग्रबमध्ये ई दाबायचं, बाणाने लिनक्सच्या ओळीपर्यंत उतरायचं, एंडने टोक गाठायचं, टाइप करायचं, कंट्रोल-एक्स. ऐकायला सोपं. पण कोलन म्हणजे शिफ्ट आणि अर्धविराम, तिरकी रेघ म्हणजे "स्लॅश" असं नाव, बरोबरचं चिन्ह म्हणजे "इक्वल"; प्रत्येक चिन्हाची कळ आधी तक्त्यात मांडावी लागली. वर कळा भराभर पाठवल्या की मधलीच एखादी गळायची. पहिल्या रात्री इन्स्टॉलर १०.०.२ अशा अर्धवट पत्त्यावर प्रीसीड शोधत बसला होता. दोन कळांमध्ये थोडा श्वास सोडल्यावर ते थांबलं.

पेनड्राइव्हसाठी आयएसओ आता यूएसबी स्टोरेज म्हणून जोडली: एक्सएचसीआय हा यूएसबी कंट्रोलर, त्यावर काढता येण्याजोगं उपकरण, फाइल फक्त वाचनासाठी. मोडकी इमेज या नव्या मांडणीत बायोसवर चालवली तेव्हा पडद्यावर "नो बूटेबल डिव्हाइस" ही ओळ आली. लोकांनी पाहिलेला मुका पेनड्राइव्ह तीन आठवडे आणि दोन दिवस उशिरा आमच्याकडे पोहोचला.

यूईएफआयसाठी मी आभासी मशीनवर एकट्यावर भिस्त ठेवली नाही. क्यूएमूसोबत वापरतात ते ओव्हीएमएफ हे एकच फर्मवेअर आहे; बाजारातल्या मशीनवर वेगवेगळ्या उत्पादकांची असतात आणि त्यांची सहनशक्ती सारखी नाही. म्हणून मशीन चालू करण्याआधीच एक साधी तपासणी बसवली: ५१० आणि ५११ व्या बाइटवर ५५ एए आहे का, आणि झोरिसोचा सिस्टम एरियाचा अहवाल मूळ डेबियन इमेजच्या अहवालाशी मांडणीत जुळतो का. एका सेकंदात होणारं काम. हे पहिल्या दिवसापासून असतं तर हा लेखच झाला नसता.

आता खरी मजा. टेस्ट वापरकर्त्याच्या वाटेने नेताच तिच्या पोटात दडलेल्या बाकीच्या सोयी एकेक करून बाहेर पडू लागल्या.

पहिली डिस्कच्या नावाची. प्रीसीडमध्ये विभाजनासाठी व्हीडीए ही डिस्क ठोकून लिहिलेली होती. व्हर्टआयओ या खास आभासी प्रकारची डिस्क असलेल्या मशीनमध्ये ते नेहमी बरोबर. खऱ्या मशीनवर कधीच नाही. लक्ष्य डिस्क खऱ्या मशीनसारखी साटा प्रकारची केली आणि नाव एसडीए लिहिलं, तर ते नाव पेनड्राइव्हला गेलं आणि विभाजन अडकलं. डेबियनच्या नमुना प्रीसीडमध्येच इशारा आहे की पेनड्राइव्हमुळे मुख्य डिस्क कुठली हे खात्रीने ठरवता येत नाही. मी तो वाचला होता, वाचून पुढे गेलो होतो. हे प्रकरण टेस्टपुरतं राहिलं असतं, पण अनेक मशीनवर एकदम बसवणारे काही लोक आमचीच प्रीसीड नमुना म्हणून उचलत होते. आता विभाजनाआधी एक छोटा आदेश चालतो: उपलब्ध डिस्कांची यादी घ्यायची, सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती मांडतो त्या जागी) ज्यांच्या वाटेत यूएसबी आहे त्या गाळायच्या, एकच उरली तर ती निवडायची. दोन उरल्या तर थांबायचं. अंदाजाने डिस्क पुसणारं साधन मला कोणाच्याही हातात द्यायचं नाही.

दुसरी सोय जास्त लबाड होती. यूईएफआयवर इन्स्टॉलर शेवटी दोन गोष्टी करतो: ईएफआय पार्टिशनवर बूटलोडर ठेवतो आणि "इथून बूट हो" अशी नोंद फर्मवेअरच्या कायम स्मृतीत करतो. क्यूएमूमध्ये ही स्मृती म्हणजे ओव्हीएमएफची व्हार्स नावाची वेगळी फाइल. आमची स्क्रिप्ट इन्स्टॉलेशन संपल्यावर क्यूएमू बंद करून पुन्हा सुरू करायची, आणि दर वेळी व्हार्सची ताजी प्रत घ्यायची. म्हणजे इन्स्टॉलरने केलेली नोंद आम्हीच पुसत होतो. साहजिकच पूर्वी कधीतरी दुसरं बूट फसलं असणार. तेव्हा मी काय केलं? व्हार्स जपायच्या ऐवजी प्रीसीडमध्ये एक ओळ घातली: बूटलोडरची जादा प्रत काढता येण्याजोग्या माध्यमाच्या ठरावीक वाटेवरही ठेव. नोंद नसली तरी फर्मवेअर तिथे पाहतंच. टेस्ट हिरवी. त्या बदलाचा संदेश माझ्याच हातचा: "यूईएफआय टेस्ट दुरुस्त." दुरुस्त कसली! हाताने बसवणाऱ्यासाठी या जादा प्रतीच्या प्रश्नाचं मुळात ठरलेलं उत्तर "नाही" असतं. तो ज्या नोंदीवर विसंबून असतो ती आम्ही कधी तपासलीच नव्हती. ओळ काढली, व्हार्स जपली, टेस्ट चालवली. नोंद ठीक होती. तिथे काही मोडलेलं नव्हतं, पण मोडलं असतं तर आम्हाला कळलं नसतं.

या दोन्हीनंतर स्क्रिप्टच्या डोक्यावर मी एक यादी लिहायला घेतली: टेस्टचं मशीन खऱ्या वापरकर्त्यापेक्षा कुठे कुठे वेगळं वागतं. सिरियल कन्सोल, प्रीसीड, नेटवर्क कार्डाचा प्रकार, ग्राफिक कार्ड. काही वेगळेपण राहणारच. सिरियल कन्सोलशिवाय मला काही वाचता येत नाही. पण ते लिहिलेलं असलं की पुढच्या तक्रारीच्या वेळी आधी तिथे नजर जाते.

ओपनक्यूए का नाही, असं एकाने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. ओपनसूसे आणि फेडोरा ही लिनक्स वितरणं ते वापरतात. पडद्याची छायाचित्रं ठरावीक नमुन्यांशी ताडून कळा दाबत जाणारी ती व्यवस्था आहे आणि पेनड्राइव्ह म्हणून बूट करायचा पर्याय तिच्यात तयारच आहे. वापरकर्त्याला दिसतं ते पाहून पुढे जाणं हा तिचा मोठा गुण. पण पडद्यांचे ते नमुने, त्यांना तिथे नीडल म्हणतात, सांभाळायला माणूस लागतो. फॉन्ट बदलला, पार्श्वचित्र बदललं की नव्याने काढा. डेबियनचा इन्स्टॉलर स्वतः आम्ही बदलत नाही, त्यामुळे त्याचे सगळे पडदे तपासण्यात आमचा फायदा थोडा. तूर्त नाही म्हटलं. बूट मेनूची आमची थीम दर रिलीजला बदलायला लागली तर हा निर्णय मी स्वतःच मागे घेईन.

राहिला एक प्रश्न: नवी टेस्ट तरी लाल होते का? मोडक्या इमेजवर एकदा हाताने चालवून पाहिलं होतं, पण रोजच्या धावपळीत पुन्हा कुणी सोय घुसवली तर? म्हणून रात्रीच्या कामात एक मुद्दाम बिघडवलेली इमेज जोडली. चांगल्या इमेजची प्रत घ्यायची, पहिले ३२ किलोबाइट शून्याने भरायचे, प्राथमिक तपासणी वगळून बायोसवर पेनड्राइव्ह म्हणून लावायची. ही नापास व्हायलाच हवी. पास झाली तर आमची टेस्ट नापास.

पहिल्याच रात्री ती पास झाली.

लॉग उघडला. पेनड्राइव्हवरून बूट फसल्याची ओळ स्वच्छ दिसत होती. त्यापुढे फर्मवेअर शिस्तीत पुढच्या उपकरणाकडे, म्हणजे साटा डिस्ककडे वळलं होतं. आणि त्या डिस्कवर आदल्याच टेस्टने बसवलेली सिस्टम होती. स्क्रिप्ट डिस्कची फाइल "नसेल तर बनव" म्हणत होती. ती होती, म्हणून बनवली नाही. जुनी सिस्टम आरामात उठली, सिरियल कन्सोलवर लॉगिनची ओळ आली, हिरवा टिक. आधीच्या किती हिरव्या रात्रींमागे हेच होतं, ते आता शोधता येत नाही. लॉग तेव्हा आम्ही आठवडाभरच ठेवत होतो.

आता दर धावेला डिस्क कोरी बनते आणि त्या धावेचा क्रमांक होस्टनेममध्ये (मशीनच्या नावात) जातो. लॉगिनच्या ओळीत तोच क्रमांक दिसला तरच टेस्ट मानायची. बिघडवलेली इमेज तेव्हापासून रोज रात्री नापास होते. सकाळी पान उघडलं की मी आधी तीच ओळ पाहतो, बाकीच्या नंतर. वेगळेपणाच्या यादीत सध्या सर्वांत वर सिक्युअर बूट (सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी यूईएफआयची सोय) आहे: आमच्या ओव्हीएमएफमध्ये ते बंद आहे, आणि पेनड्राइव्ह घेऊन बसलेल्या बहुतेकांच्या मशीनवर चालू.